पेरणीचा जव

मी भित्री बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की आर्सिने मोठी धीराची होती म्हणून बोलली. आमच्या जुल्फा मोहल्ल्यात दाराची कडी वाजली की बाकीच्या बायका दार उघडायला उठतात. मी आधी तळघराला कुलूप आहे ना ते बघते.

तळघरात माझ्या नवऱ्याची बिअर असते. आम्ही आर्मेनियन, ख्रिस्ती. या मुलखात दारूला बंदी आहे, तरी घरात, आपल्यापुरती केली, आपल्या माणसांत प्यायली, तर आम्हांला कोणी काही म्हणत नाही. पण 'आपल्यापुरती' म्हणजे किती, हे कोणी धड सांगत नाही. एखादं पिंप असलं तर घरचं. पिंपांची रांग दिसली की तो धंदा. आणि धंदा म्हटला की तुरुंग आलाच, दुकानाला टाळं आलंच. राझमिकचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, त्यावरच आमची चूल पेटते.

इतकी वर्षं तो सामान थोडं थोडं आणायचा. राझक तर मूठ-मूठ. राझक म्हणजे हॉप्सची ती हिरवी फुलं, बिअरला कडवटपणा आणि वास देतात ती. इथं ती काष्ठौषधीवाल्याकडे मिळतात, ज्यांना झोप लागत नाही त्यांच्यासाठी. राझमिकला सगळे ओस्ता म्हणतात, म्हणजे मिस्त्री. तो काष्ठौषधीवाला तर दर खेपेला विचारायचा, "काय ओस्ता, तुमच्या घरात झोपतं की नाही कोणी? का सगळं घर रात्रभर टक्क जागं?" दुकानातले लोक हसायचे. राझमिकही हसायचा. मी मात्र ते ऐकून तळघराचं कुलूप पुन्हा ओढून बघायचे.

मग आमच्या तालिनचं लग्न ठरलं आणि राझमिकच्या डोक्यात ते खूळ शिरलं.

"सारखं सारखं जातो म्हणून डोळ्यांवर येतं," तो म्हणाला. "एकदाच आणू, पोत्यानं आणू. आणि दहा तऱ्हा नकोत. एकच जव आणि एकच राझक, पण असा की त्यातून सगळं निघालं पाहिजे. थोडा उन्हात वाळवला की फिकी बिअर, थोडा भट्टीत भाजला की तांबूस, आणखी भाजला की काळी. पोतं एक, बिअरी तीन!"

"आणि पकडलं की तुरुंग एक, माणसं तीन," मी म्हटलं.

"तुझ्या तोंडात साखर पडो."

राझक लवकर ठरला. तीन दुकानांतला नमुना आणून तो तळहातांवर चोळायचा आणि माझ्या नाकाशी धरायचा. एकाला लसणासारखा जुनाट वास होता. एकाला वासच नव्हता. तिसरा उत्तरेकडचा, गिलानचा. "हा बघ," राझमिक म्हणाला, "आधी उकळला तर कडू, शेवटी टाकला तर सुगंधी. दोन्हीकडे चालतो. असा जावई मिळायला हवा." मला सटासट शिंका आल्या. मी खिडकी उघडली, मग वास गल्लीत जाईल म्हणून घाईनं परत लावली.

जवाचं मात्र मुलगी बघण्यासारखं चाललं. बिअरसाठी जवाला आधी मोड आणावे लागतात, आणि मोड सगळ्या दाण्यांना एकदमच यायला हवेत, नाहीतर सगळा घाणा बिघडतो. म्हणून राझमिकनं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओल्या फडक्यांच्या पुरचुंड्या मांडल्या. किराणावाल्याचा जव सडलेला, त्याला मोड कुठून यायचे? त्याला नुसता बुरा आला. गुरांच्या चाऱ्याचा जव अर्धा उगवला, अर्धा तसाच पडून राहिला. शेवटची पुरचुंडी गावाबाहेरच्या रस्त्यावरच्या एका हाजीची. ती उघडली आणि राझमिक लहान पोरासारखा ओरडला. सगळेच्या सगळे दाणे उगवले होते, पांढरे कोंब एका मापाचे.

"हाच!" तो म्हणाला. "आर्सिने, हाच आपला जव!"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या हाजीकडे गेलो. मी गाडीतच बसले होते, पण काच खाली होती, सगळं ऐकलं. राझमिकनं एकच गोष्ट विचारली, "हाजी, सगळा असाच उगवतो ना?"

"ओस्ता, नाही उगवला तर पोती माझ्या दारात आणून टाका," हाजी म्हणाला.

बस्स. यानं कशाला हवा ते सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. न सांगण्याची आम्हांला सवयच लागलीय.

पोती आली ती नेमकी मोहरमात, भर दुपारी. हमालाला सांगितलं होतं, आत अंगणात टाक. मेल्यानं दोन पोती जव आणि राझकची मोठी हलकी गोणी गल्लीच्या मधोमध टाकली आणि गेला निघून. आणि समोरच्या दारात कोण? एस्मत खानम.

एस्मत खानम म्हणजे आमच्या गल्लीचं सरकार. तिचा मुलगा मुर्तझा मशिदीच्या कमिटीत. दर मोहरमात ती डेगभर जवाचा शोरबा करते आणि गल्लीतल्या यच्चयावत पोरांना वाढते, आमच्याही. बाई वाईट नाही, पण नजर अशी की बंद डब्यातलं ओळखेल.

"एवढं काय मागवलंत, आर्सिने खानम?"

चोराच्या मनात चांदणं. कोंबड्यांसाठी म्हणाले असते तरी भागलं असतं. पण माझी जीभच टाळूला चिकटली आणि सुटली तेव्हा भलतंच बोलली.

"जव. शोरब्यासाठी. नवस बोलले होते, तालिनचं लग्न ठरलं म्हणून."

एस्मत खानमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझं डोकं जवळ ओढून कपाळाचा मुका घेतला. "ख्रिस्ती पोर आमच्या इमामाच्या नावानं नवस बोलते! मुर्तझा, अरे मुर्तझा! उचल हे पोतं, उद्याच्या डेगीत हाच जव पडणार!"

मुर्तझानं एक पोतं खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्याकडे हात केला. "ते पुढच्या वर्षीचं," मी घाईनं म्हटलं. एस्मत खानमनं हलक्या गोणीला पायानं ढोसलं.

"आणि यात?"

"कापूस. गाद्यांचा."

ती वाकली, नाकानं एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "तुमच्याकडच्या कापसाला वास बरा येतो गं." आणि गेली. मी ती गोणी आधी आत ओढली.

संध्याकाळी राझमिकला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "इमामाच्या वाट्याला पहिलं पोतं गेलं! जाऊ दे. एका पोत्यातही लग्न निघेल."

सकाळी तो तळघरात जव भिजत घालायला गेला. मी वर चहा करत होते. समोर पहाटेपासून डेग चढली होती, तिथून लाकडं फोडल्याचा आवाज येत होता, पोरांचा गलका येत होता. तेवढ्यात खालून राझमिकची हाक आली. माझ्या नावानंच, पण अशी हाक त्यानं मला कधीच मारली नव्हती.

मी खाली गेले. टबातलं पाणी गुलाबी झालं होतं.

"धूळ असेल लाल," मी म्हटलं.

त्यानं हात हुंगला आणि मग साबणानं घासघासून धुवायला लागला. "धूळ नाही. आर्सिने, हा खायचा जव नाही. पेरणीचा आहे. कीड लागू नये म्हणून बियाण्याला विष चोळतात, ते आहे हे."

"पण तू नमुन्याचे दाणे दाताखाली फोडून बघितलेस की!"

"नमुना न चोळलेल्या ढिगातला दिला असणार. मी त्याला विचारलं काय? उगवतो का. उगवणारा जव कोण मागतं? शेतकरी मागतो. त्यानं मला शेतकरी समजून बियाणं दिलं." तो खाली बसला. "मी बिअरवाल्याच्या डोक्यानं विचारलं गं. बाकी कोणीही असता तर विचारलं असतं, खायला चालतो का."

आणि मग आम्हां दोघांना एकदमच ते पोतं आठवलं.

मी जिन्याकडे धावले. राझमिकनं माझा दंड धरला. "थांब. काय सांगणार तू? आर्मेनियन बाईनं मोहरमच्या शोरब्यात विषाचा जव दिला, हे? गल्ली ऐकून घेईल? मुर्तझा ऐकून घेईल? आपल्याला दारातच फाडतील. आणि चुकून झालं म्हणशील, तर पेरणीचा जव तुमच्या घरात कशाला, हे विचारतील."

"पोरं वाट्या घेऊन उभी आहेत, राझमिक."

त्याची पकड सुटली. मी पळाले, चपला न घालता. मी शूर नाही म्हटलं ना? मी रडत पळत होते आणि मनात एकच होतं, मरियम माते, अजून वाढलेलं नसू दे.

अजून वाढलेलं नव्हतं. मुर्तझा पोरांना ओळीत उभं करत होता. खालची लाकडं ओढून विझवली होती, तरी डेगीतून वाफेचे लोट उठत होते, वर लाल घेवडा तरंगत होता. रात्री भिजवणाचं पाणी रंगलं ते या घेवड्यानंच, असं एस्मत खानमला वाटलं असणार. ती हातात पळी घेऊन, तळहातावर थेंब घेऊन मीठ बघत होती. मी तिच्या कानाशी गेले. एका दमात सगळं सांगितलं: विष, पेरणी, नवस खोटा, जव कशासाठी आणला तेही. माझे दात वाजत होते, तिला किती कळलं देव जाणे.

तिनं माझ्याकडे बघितलं. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींना घाबरले, पण त्या नजरेइतकी कशालाच नाही. तिनं एक शब्द काढला असता, "मुर्तझा" एवढा, तरी आमचं घर संपलं असतं.

लाकडं पेटवायला आणलेला रॉकेलचा डबा पायाशी होता. वाफेच्या आडून तिनं तो उचलला, डेगीत उपडा केला आणि मग गल्ली हादरेल अशी किंचाळली.

"अगं बाई गं! रॉकेल सांडलं! हात झडो माझा! अख्ख्या डेगीचा सत्यानाश केला मी!"

पोरांनी भोकाड पसरलं. बायका हळहळल्या. मुर्तझा धावत आला. "आई, डोळे फुटले का तुझे? वर्षाचा शोरबा! लोकांना काय तोंड दाखवू?" सगळ्या गल्लीसमोर तो आईवर ओरडला आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. एस्मत खानम, जिच्यापुढे गल्लीत कोणी मोठ्यानं खोकत नाही. मग तिनंच खड्डा खणायला लावला, शोरबा त्यात ओतला आणि कुत्र्या-मांजरांनी उकरू नये म्हणून वर माती घालून दगड ठेवायला लावले.

मी घरी आले. आता तरी जीव भांड्यात पडावा की नाही? पण राझमिक म्हणाला, "तिनं मीठ बघितलं असेल ना गं? सकाळपासून किती वेळा?"

शोरबा करणारी बाई मीठ बघते. दाटपणा बघते. जव शिजला का बघते. तिचा तळहात माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि मुर्तझाचा आवाज ऐकून दोनदा परत फिरले.

दुपार कलली तेव्हा मुर्तझा दार ठोठावत आला. "गाडी काढा, ओस्ता! आईला काहीतरी होतंय!"

ती उंबऱ्यात बसली होती. ओकून ओकून बेजार. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं, बोटं थाडथाड उडत होती. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसले. सबंध वाटेत तिनं माझं मनगट सोडलं नाही. एकदा माझं तोंड आपल्या तोंडाजवळ ओढून म्हणाली, "रॉकेल. कळलं? रॉकेलच."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. मुर्तझानं सांगितलं, रॉकेल सांडलं, शोरब्यातून पोटात गेलं. तिनं त्याप्रमाणे सुरू केलं: ओकारी काढू नका, छाती तपासा, श्वास बघा. विषबाधा म्हटल्यावर फौजदारही आला, वही काढून दाराशी उभा राहिला. राझमिक भिंतीला टेकून उभा होता.

डॉक्टरीण एस्मत खानमच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होती. "रॉकेलनं बाहुल्या अशा टाचणीएवढ्या होत नाहीत," ती स्वतःशीच म्हणाली. मग जवळ वाकून, "मावशी, खरं सांगा, आणखी काही खाल्लंत का? दुसरं काही असलं तर इंजेक्शन वेगळं लागतं. चुकीचं देऊन चालायचं नाही, आणि वेळ जातोय."

"रॉकेल," एस्मत खानम दातांतून म्हणाली. आणि माझ्याकडे बघून नाहीची मान हलवली.

आता सांगा. ती बाई मरायला टेकली होती आणि माझ्याकडे बघून नको म्हणत होती. फौजदार दाराशी. मुर्तझा उशाशी. माझा नवरा भिंतीशी, डोळे मिटून. भीतीनं माणसाला खोटं सुचतं म्हणतात. मला तर इतकी भीती वाटत होती की खोटं सुचेचना.

"रॉकेल नाही," मी म्हटलं. "पेरणीच्या जवाचं विष आहे. बियाण्याला चोळतात ते. जव आमच्या घरचा."

डॉक्टरणीनं नर्सला ओरडून दुसरं इंजेक्शन मागवलं. माझ्याकडे कोणाला बघायला वेळ नव्हता, फौजदार सोडून.

"पेरणीचा जव? तुमचं शेत कुठंय, खानम?"

"शेत नाही."

"मग?"

"बिअरसाठी आणला होता. मुलीचं लग्न आहे. पेरणीचा आहे हे आम्हांला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर आमच्याच पाहुण्यांना पाजला असता का? इथं या बाईला नवसाचा म्हणून खोटं मी सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं."

मुर्तझा उठला. मला वाटलं आता हा मारतो. मी डोळे मिटून घेतले. पण तो परत आईच्या उशाशी बसला.

"किती आणला?" फौजदारानं विचारलं.

"दोन पोती जव. एक गोणी राझक."

त्यानं शीळ घातली. "दोन पोती आणि गोणीभर राझक. खानम, हे काही घरच्यापुरतं नाही. हा धंदा झाला." आणि राझमिकला बोटानं खुणावलं, इकडे या.

फौजदार त्याला लगेच घेऊन गेला नाही, कारण आधी एस्मत खानमचा जबाब हवा होता. आम्ही तिथंच बसून राहिलो. इंजेक्शनं चालू होती. हळूहळू तिची लाळ थांबली, बोटं शांत झाली. तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर "पोरांपैकी कोणी खाल्लं नाही ना?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मग रडतेस कशाला, मूर्खासारखी?"

फौजदार पुढं आला. यांच्या घरात दोन पोती जव आणि एक गोणी राझक होता, धंद्याचा माल, हे तुम्हांला माहीत होतं का, असं त्यानं विचारलं. एस्मत खानमनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दोन पोती कुठली? एक. दुसरं माझं. माझ्या डेगीत गेलं. सगळ्या गल्लीनं बघितलं, माझ्या मुलानं खांद्यावरून वाहिलं. विचारा त्याला."

फौजदारानं मुर्तझाकडे बघितलं. मुर्तझानं आईच्या डोक्याखालची उशी नीट केली.

"हो," तो म्हणाला. "मी वाहिलं."

"आणि राझकची गोणी?"

"तीही माझीच. मला झोप लागत नाही."

"गोणीभर?"

"माझ्या सुनेबरोबर चार दिवस राहा, साहेब, मग विचारा."

नर्स तोंड फिरवून हसली. फौजदार हसला नाही. तो माझ्याकडे वळला. "तुम्ही मघाशी खरं बोललात, खानम. आता सांगा. गोणी हिची आहे?"

तिचं पहिलं खोटं मी मोडलं होतं. मोडलं नसतं तर ती गेली असती. आता हे दुसरं तिनं माझ्या हातात दिलं होतं, अजून विष पुरतं उतरलेलंही नव्हतं तरी. राझमिकनं डोळे उघडले होते. मुर्तझा माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हटलं. "तिचीच. माझ्याकडे ठेवायला दिली होती."

फौजदारानं वहीतली आधीची ओळ खोडली. मग त्यानं वहीत लिहिलं, एक पोतं, घरगुती. पोतं जाळून टाका म्हणाला, हाजीचा पत्ता विचारून घेतला आणि गेला.

एस्मत खानमनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मी तिच्या अंगावर शाल ओढली, तेव्हा ती डोळे न उघडताच पुटपुटली.

"कापूस म्हणे!"